थांबलेली गाडी सोडताना

रेल्वेचा मोठा अपघात झाला की कोल्हापुरात त्याची चर्चा चहाच्या टपरीवर दोन-तीन दिवस चालते आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: चूक कुणाची? २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, तेव्हाही स्टेशन रोडवर आधी ड्रायव्हर झोपला असणार असे ठरले, मग घातपात ठरला आणि शेवटी मंत्र्यांनी राजीनामा द्यावा यावर एकमत होऊन विषय पाऊस कधी लागणार याकडे वळला. त्यात नवल नाही. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक आहे. इथे रूळ संपतात, गाड्या सावकाश येतात आणि सावकाश निघतात, ताशी १२०-१३० किलोमीटरने धडधडत निघून जाणारी गाडी या फलाटावरून कुणी पाहिलेली नाही. त्यामुळे रेल्वेचा अपघात ही नेहमी दुसरीकडे घडणारी गोष्ट वाटते, आणि दुसरीकडच्या गोष्टीचा गुन्हेगार पटकन सापडतो.

या प्रश्नाला माझी हरकत एवढीच की तो विचारला की चौकशी संपल्यासारखी होते. चूक कुणाची याचे उत्तर बहुतेक वेळा खरेच असते, कारण माणसाने काहीतरी चुकवलेलेच असते. परंतु त्याच्यावर चुकण्याची वेळ का आली, हा प्रश्न त्या उत्तराखाली गाडला जातो.

रेल्वेची सगळी यंत्रणा एका साध्या तत्त्वावर उभी आहे: काही बिघडले तर गाडी थांबली पाहिजे. रंगीत दिवे येण्याआधी खांबावर हात असलेले सिग्नल असत. हात आडवा असला की थांबायचे, झुकला की जायचे. केबिनमधून तारेने ओढल्याशिवाय तो हात झुकत नसे आणि मध्येच तार तुटली तर वजनाने आपोआप आडवा होत असे. आजच्या दिव्यांच्या सिग्नललाही तोच न्याय लागू आहे. रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडीच्या चाकांमुळे दोन्ही रूळ जोडले गेले की मागचा दिवा लाल होतो, आणि गाडी नसताना नुसता रूळ तुटला किंवा वायर निघाली तरी तो लालच होतो. ब्रेकचेही तसेच आहे. डबे एकमेकांपासून सुटले, नळी फुटली किंवा कुणी साखळी ओढली, तर नळीतली हवा निघून जाते आणि ब्रेक लागतो. ब्रेक सोडवायला हवा लागते, लावायला लागत नाही. ज्या कुणी हे प्रथम योजले त्यांनी यंत्राच्या बिघाडाचा विचार पुरेपूर केला होता.

मग टकरी होतात कधी? चौकशीचे निष्कर्ष वाचताना मला एक गोष्ट वारंवार आढळली. यंत्र बिघडल्याच्या क्षणी फारसे काही होत नाही, गाडी उभी राहते. धोका सुरू होतो तो त्या उभ्या राहिलेल्या गाडीला, किंवा तिच्या मागच्या गाडीला, माणसांनी यंत्राच्या संमतीशिवाय पुढे काढायला घेतल्यावर.

१७ जून २०२४ रोजी न्यू जलपाईगुडीच्या पुढे रंगापानी स्थानकाजवळ जे झाले ते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्या सकाळी पावणेसहाच्या सुमारास तिथले स्वयंचलित सिग्नल बंद पडले. सिग्नल बंद म्हणजे सगळे लाल. नियमाप्रमाणे सगळे थांबले. पण गाड्या तासन्‌तास उभ्या ठेवता येत नाहीत, म्हणून स्टेशनमास्तरने चालकांना लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी द्यायला सुरुवात केली. टी/ए ९१२ नावाचा हा फॉर्म आहे. आगरतळ्याहून सियालदहला निघालेली कांचनजंगा एक्स्प्रेस या परवानगीवर पुढे गेली आणि तिच्यामागून तशाच परवानगीवर एक मालगाडी गेली. मालगाडी मागून एक्स्प्रेसवर आदळली आणि दहाच्या आसपास माणसे मेली. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आले की मालगाडीच्या चालकाने सिग्नल ओलांडला. तो चालक धडकेतच मेला होता, त्यामुळे उत्तर द्यायला कुणी नव्हते.

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली. (हे आयुक्तालय रेल्वेच्या अखत्यारीत येत नाही, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, हे एक शहाणपण आपल्याकडे टिकून राहिलेले आहे.) त्या चौकशीत दिसले की दिलेल्या फॉर्मवर वेग किती ठेवायचा हे लिहिलेलेच नव्हते. त्या सकाळी त्याच मार्गावरून आणखीही काही गाड्या अशा चिठ्ठीवर सोडल्या होत्या, आणि बिघडलेल्या प्रत्येक सिग्नलशी एक मिनिट थांबून ताशी १५ किलोमीटरच्या आत पुढे सरकण्याचा दंडक त्या सगळ्यांमध्ये एकट्या कांचनजंगाच्या चालकाने पाळला होता. म्हणजे ज्या गाडीने नियम पाळला ती त्या मार्गावर सर्वांत हळू होती आणि म्हणूनच मागच्या गाडीच्या तडाख्यात ती सापडली. बाकीच्या गाड्यांनी नियम मोडला आणि त्या सुखरूप पोहोचल्या. हे वाचल्यावर ‘चूक कुणाची’ या प्रश्नाचा मला अक्षरशः कंटाळा आला. चिठ्ठीचा अर्थ प्रत्येक चालक आपापल्या परीने लावत असेल, तर तसा अर्थ लावायची पाळी त्यांच्यावर आणणारी व्यवस्था आधी तपासायला हवी. याच्या आठच महिने आधी, २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, आंध्रात विजयनगरमजवळ कंटकापल्लीला बिघडलेल्या सिग्नलवरूनच पुढे गेलेली पॅसेंजर समोरच्या पॅसेंजरला मागून धडकली होती.

बहानगा बाजारची गोष्ट वरकरणी वेगळी आहे, कारण तिथे सिग्नल हिरवा होता. चालकाने काहीच चुकवले नव्हते. पण सिग्नल मुख्य मार्गाचा आणि सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी) लूप मार्गाचा, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करायच्या रुळाचा, असा जो अशक्य मेळ जमला, तो दुरुस्तीतून जमला. स्थानकाजवळच्या फाटकाचा अडसर बदलण्याचे काम त्या दिवशी चालू होते आणि त्यासाठी सिग्नलच्या वायरी हाताळल्या गेल्या होत्या. मुळात काही वर्षांपूर्वी तिथल्या सर्किटमध्ये केलेला बदल सदोष होता, वायरींवरच्या खुणा प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या, आणि नव्या जोडणीने ती जुनी चूक जागी केली. १२८ किलोमीटरच्या वेगात असलेली गाडी लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीच्या मार्गावर वळली आणि पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. सिग्नल विभागातल्या तिघांना पुढे अटक झाली. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी बाब: त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्थानकात असाच सिग्नल आणि सांधा यांचा विसंवाद झाला होता, तिथे चालकाच्या लक्षात आल्याने गाडी थांबली, आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशाराही दिला होता की दुरुस्तीनंतर नीट चाचणी न करता सिग्नल परत चालू करण्याची सवय घातक आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत गाड्या अडवून ठेवायच्या म्हणजे उशीर, आणि उशिराचा जाब त्याच संध्याकाळी विचारला जातो.

मागे जाऊन पाहिले तरी हेच सूत्र हाती लागते. २ ऑगस्ट १९९९ रोजी गैसालला अवध-आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर आल्या, तेव्हा अलीकडच्या किशनगंज स्थानकात कामासाठी काही मार्ग बंद होते आणि नेहमीची व्यवस्था बाजूला ठेवून गाड्या सोडल्या जात होत्या. २० ऑगस्ट १९९५ रोजी फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेसने नीलगायीला धडक दिली, तिचे ब्रेक अडकले आणि ती जागीच थांबली. म्हणजे यंत्राने आपले काम केले. ती पुढे गेली असेल असे गृहीत धरून पुरुषोत्तम एक्स्प्रेसला मागून वाट देण्यात आली. साडेतीनशेच्या आसपास माणसे त्या एका गृहीतकापायी मेली.

आपल्या मिरज-कोल्हापूर मार्गाला असे गृहीत धरणे अजिबात परवडणारे नाही, कारण संस्थानाच्या काळात, १८९१ साली सुरू झालेला हा मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर हातकणंगल्याला किंवा रुकडीला थांबावेच लागते. एकेरी मार्गासाठी पूर्वी टोकनची पद्धत होती आणि ती आमच्या पिढीने पाहिलेली आहे. शेजारच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत; त्यांतून एक लोखंडी गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्या तरी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याही बाजूने निघत नसे. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला, आणि फलाटावर उभा राहिलेला माणूस ते कडे हात उंच करून धरी. गाडी हळू होई, चालकाचा सहकारी इंजिनातून वाकून हात कड्यात घालून ते उचलून घेई आणि मागच्या स्थानकाचे कडे खाली टाकून देई. गोळा हातात नाही, तर पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. समोरच्या स्थानकातला माणूस फोनवर काय म्हणाला, याला काही महत्त्व नव्हते. मला या पद्धतीचे फार कौतुक वाटते, कारण परवानगी ही वस्तू होती, ती दोन माणसांच्या हातांत एकाच वेळी असू शकत नव्हती.

आता हातकणंगल्याला गाडी दहा मिनिटे थांबली की डब्यात कुरकुर सुरू होते. “काय राव, सोडंना झालाय अजून” असे कुणीतरी म्हणतो, दुसरा खिडकीतून सिग्नलकडे बघतो आणि तिसरा रेल्वेच्या एकूण कारभाराचा उद्धार करतो. मीही त्यांतलाच. पण ही कुरकुर निरुपद्रवी नसते. ती वक्तशीरपणाच्या टक्केवारीत उतरते, टक्केवारी बैठकीत जाते, बैठकीतून प्रत्येक विभागाला किती मिनिटे वाया घालवलीत याचा जाब येतो आणि सकाळी पावणेसहाला सिग्नल बंद पडलेल्या एखाद्या आडगावच्या स्टेशनमास्तरच्या टेबलावर तो पोहोचतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकराला उपदेश करायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेले या शहराने पाहिले आहे आणि दोन्ही वेळी रुकडीजवळच्या पंचगंगेवरील रेल्वे पुलामुळे मिरजेची वाहतूक बंद राहिली. या पुलाच्या खांबांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवलेल्या असतात. रुकडीला एकदा गाडीची वाट बघत असताना फलाटाच्या टोकाशी एक कीमन, म्हणजे पायी फिरून रूळ तपासणारा रेल्वेचा माणूस, पाणी प्यायला थांबला होता. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, गुंडाळलेल्या झेंड्या आणि डबीत फटाके. हे फटाके म्हणजे रुळावर बसवायच्या चपट्या डब्या. चाकाखाली फुटल्या की चालकाला कळते की पुढे धोका आहे. मी पुराचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “पाणी चढाय लागलं की रातभर पट्ट्याकडं बघत बसायचं. पट्ट्याला लागलं की गाडी न्हाई, मग आत कोन का बसलेला असंना.” त्या पट्ट्यावरून पुढे जाण्याची चिठ्ठी देणारा फॉर्म नसावा, हे ऐकून मला बरे वाटले.

ही खूण किती रक्ताने रंगवलेली आहे हे सांगायला जुने दाखले आहेत. २३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे तमिळनाडूत अरियालूरजवळ पुराने कमकुवत केलेल्या पुलावरून गाडी नदीत गेली आणि लाल बहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. आपण त्या राजीनाम्याची आठवण अजून काढतो. पूल का खचला हे कुणी विचारत नाही. २९ ऑक्टोबर २००५ रोजी वलिगोंड्याजवळ फुटलेल्या तलावाच्या पाण्याने रुळाखालचा भराव वाहून गेला आणि अंधारात गाडी त्या पोकळीत कोसळली, शंभराहून अधिक माणसे गेली. याउलट २६ जुलै २०१९ च्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा रात्रभर गाडी जागची हलली नाही. सुमारे हजारभर प्रवासी होते, त्यांत कोल्हापूर-सांगलीचे पुष्कळ. खाली उतरू नका, गाडी हीच सुरक्षित जागा आहे, असे सांगितले जात होते आणि लोकांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी नौदल आणि आपत्ती दलाच्या बोटींनी सगळ्यांना बाहेर काढले, एकही जीव गेला नाही. त्या गाडीतल्या लोकांनी नंतर पाणी, अंधार आणि भूक यांचे किस्से पुष्कळ सांगितले. गाडी पुढे रेटली असती तर काय झाले असते, याचा किस्सा अर्थातच कुणाकडे नव्हता.

गाडीत बसून राहणे किती अवघड असते ते २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात दिसले. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, माणसे उलट्या बाजूने शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. बारा-तेरा जण गेले, आणि आग नव्हतीच.

रुळांच्या बिघाडाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय खरे तर सर्वांत मोठा असूनही सर्वांत नीरस आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांतल्या २१७ गंभीर अपघातांपैकी १६३ रुळांवरून गाडी घसरण्याचे होते. थंडीत रूळ आकसतो आणि जोडातून तडकतो, उन्हाळ्यात फुगून वाकतो. १९९८ च्या नोव्हेंबरात पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळेच गोल्डन टेंपल मेलचे डबे घसरले आणि शेजारून आलेली सियालदह एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळून दोनशेहून अधिक लोक मेले. यावर उपाय आहेत ते तपासणी, रुळांची वेळेवर बदली आणि कामासाठी मार्ग मोकळा मिळणे. हा मोकळा वेळ, ज्याला रेल्वेत ‘ब्लॉक’ म्हणतात, तो मिळवायचा तर गाड्या थांबवाव्या लागतात. गोष्ट फिरून पुन्हा तिथेच येते.

ज्या मरणाला आपण अपघातही म्हणत नाही, तेही इथेच नोंदवायला हवे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली दिलेल्या अहवालात म्हटले होते की रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात. त्यापुढे बहानगा बाजारचा आकडाही लहान वाटतो. आपल्या शहरात राजारामपुरीकडून शाहूपुरीत यायला लोक रूळ ओलांडतातच. परीख पुलाखाली पावसात पाणी तुंबते, वळसा मोठा पडतो आणि पोराला शाळेत सोडायची घाई असते. त्यांना निष्काळजी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. शहराच्या मधोमध रूळ घातल्यावर पायी माणसाने कुठून जायचे याचे उत्तर रूळ घालणाऱ्यानेच द्यायचे असते.

थांबण्याला मान देणारी एक व्यवस्था मात्र आपल्या अगदी शेजारी, घाटाखाली आहे. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि कारवारहून मुंबईला निघालेल्या सुट्टी विशेष गाडीचे डबे त्यावर आदळले. पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीमुळे पुलावरून कोसळली. त्यानंतर कापलेल्या डोंगरांना जाळ्या लागल्या, दगड काढले गेले, पावसाळी गस्त वाढली, हे सगळे आवश्यकच होते. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पावसाळी वेळापत्रक. जून लागला की तिथे गाड्यांच्या वेळाच बदलतात, वेग उतरतो, मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही असे ठरलेले असते. उशीर आधीच छापून ठेवलेला असतो, त्यामुळे हळू चालवणाऱ्या चालकाला कुणी जाब विचारत नाही. रंगापानीच्या त्या सकाळी नेमके एवढेच नव्हते. आता गाजणारी ‘कवच’ यंत्रणा लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला स्वतःहून ब्रेक लावते. ती सगळीकडे लवकर यायला हवी यात वाद नाही. पण वायरीच चुकल्या असतील आणि सिग्नलच खोटा हिरवा असेल, तर तीही त्या हिरव्यावरच विश्वास ठेवणार.

कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर होऊन वर्षे लोटली आणि त्यासाठी निवेदने अजून निघतात. गगनबावड्याच्या पावसातून, त्याच कड्यांखालून ही गाडी जायची आहे. या निवेदनांत बंदराचा फायदा, साखरेची आणि आंब्याची वाहतूक, मुंबई-गोव्याचा वाचणारा वेळ हे सगळे असते. अलीकडे आमच्याकडे सह्यांसाठी कागद आला तेव्हा मी सहीखाली हाताने एक ओळ लिहिली, की पावसाळी वेळापत्रक धरून हा प्रवास किती तासांचा होईल आणि गस्तीला किती माणसे असतील हेही मंजुरीबरोबरच जाहीर व्हावे. कागद घेऊन आलेल्या तरुण कार्यकर्त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग तो हसून म्हणाला, “आधी गाडी तर येऊ दे की सर, हळू चालवायचं मग बघू.”